तांबट आळीतले अभिषेकपात्र आणि ताम्हण : वर्षभराच्या वापरानंतर

देवपूजेच्या सोळा उपचारांमध्ये स्नान हा सहावा उपचार. मोजणीत त्याला एकच जागा असली, तरी घरच्या पूजेचा सर्वांत अधिक वेळ त्यातच जातो आणि पूजेची भांडी चांगली आहेत की सुमार, हेही तिथेच कळते. समई किंवा घंटा एकदा जागेवर बसली की बसली. अभिषेकपात्र, ताम्हण आणि पळी-पंचपात्री यांना मात्र पाणी, दूध, दही, तूप, मध आणि त्यानंतरची घासणी सतत सोसावी लागते. पुण्यातल्या कसबा पेठेच्या तांबट आळीतून गेल्या श्रावणाआधी घेतलेले तांब्याचे अभिषेकपात्र, त्याची पितळी तिवई, तांब्याचे ताम्हण आणि आतून कल्हई केलेले पितळी ताट यांविषयी वर्षभराच्या वापरानंतर हे लिहीत आहे. दुकानाला पाटी नाही. पुढे विक्रीची फळी आणि मागे ठोकण्याची जागा, असा तो एका घराचा जुना व्यवसाय आहे.

अभिषेकपात्राची पहिली परीक्षा धारेची. रुद्र म्हणताना, अथर्वशीर्षाची आवर्तने करताना किंवा पुरुषसूक्ताच्या १६ ऋचा चालू असताना देवावरची धार तुटू नये, अशी अपेक्षा असते. छिद्र मोठे असेल तर नमकाचे, म्हणजे रुद्राच्या पहिल्या भागाचे, ११ अनुवाक (खंड) पूर्ण होण्याआधीच पात्र रिकामे होते आणि म्हणणाऱ्याचे लक्ष मंत्रावरून उडून पाण्याकडे जाते. छिद्र फार बारीक असेल तर धार लागतच नाही. थेंब बुडाला चिकटून कडेकडे सरकतो आणि देवाऐवजी ताम्हणाच्या काठावर पडतो. या पात्राला बुडाशी छोटी निमुळती टोटी काढलेली आहे, त्यामुळे थेंब सरकायला जागाच राहत नाही. पात्रात सव्वा लिटर पाणी मावते आणि ते संपायला सुमारे २० मिनिटे लागतात, म्हणजे नमक सावकाश म्हणून होईपर्यंत ते पुरते. घेताना मी छिद्राविषयी विचारले, तेव्हा घडवणाऱ्या कारागिराने सांगितले, “काकू, भोक मुद्दाम बारीक ठेवलंय. मोठं कधीही करून देईन, पण एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही.” तयार माल विकणाऱ्या दुकानात हे उत्तर मला कधी मिळालेले नाही, कारण तिथे छिद्र कोणी आणि कशासाठी पाडले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते.

पात्र काठोकाठ भरलेले असताना धार जोरात पडते आणि पातळी उतरेल तसा वरचा दाब कमी होऊन ती मंदावते. हा या पात्राचा दोष नव्हे, पाण्याचा धर्म आहे. पात्र अर्ध्यावर आले की पळीने भर घालत राहावे, म्हणजे धार सारखी राहते. आमच्याकडे महापालिकेचे पाणी येते, त्यामुळे छिद्र स्वच्छ राहिले आहे. माझ्या बहिणीच्या सोसायटीत मात्र बोअरवेलचे जड पाणी असल्याने तिच्या पात्राच्या छिद्राशी पांढरा थर साचतो आणि धार वाकडी पडते. अशा घरी पूजेनंतर पात्र पालथे घालून कोरडे करणे आणि छिद्रातून अधूनमधून लिंबाच्या रसाचे दोन थेंब जाऊ देणे एवढे पुरते. सुई घालून छिद्र कोरू नये.

आता घडणीविषयी. तांबट आळी पेशवाईपासून तांब्याच्या कामासाठी ओळखली जाते. पाणी तापवण्याचे बंब, घंगाळी आणि हंडे पुण्याच्या घराघरांत इथूनच गेले. इथल्या कामाची खूण म्हणजे मठार, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांनी पृष्ठभागावर उमटणारे ओळीतले चकचकीत खळगे. ते पाहणाऱ्याला नक्षी वाटतात, पण ठोक्यांनी तांब्याचा पत्रा ताठ आणि टणक होतो आणि भांड्याला सहजासहजी पोचा येत नाही, हे त्यामागचे मुख्य कारण आहे. ठोकून ठोकून तांबे इतके कडक होते की मधूनमधून ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करावे लागते. हे सगळे हातांनी होत असल्यामुळे पात्राच्या दोन बाजू अगदी एकसारख्या नाहीत, आणि ज्यांना यंत्रावर ओढलेल्या भांड्याची गुळगुळीत समानता हवी असते त्यांनी तिकडेच जावे. पात्राला पाणी धरून ठेवणाऱ्या भागात सांधा नाही, ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. सांधा असलेले भांडे घ्यायचे असेल तर डाख, म्हणजे सांधा जोडणारा वितळलेला धातू, शिशाचा तर नाही ना, हे स्पष्ट विचारून घ्यावे. अभिषेकाचे पाणी आपण तीर्थ म्हणून पितो आणि पहिले तीर्थ बहुधा घरातल्या लहान मुलांच्या हातावर पडते.

ताम्हणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तांब्याचे ताम्हण कितीही चांगले असले तरी ते पंचामृतासाठी नाही. पाण्यासाठी, गंधोदकासाठी (गंध घातलेल्या पाण्यासाठी), संध्येसाठी आणि अर्घ्यासाठी तांबे उत्तम आहे. दूध आणि दही तांब्याच्या भांड्यात ठेवू नये, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत आणि त्याला भक्कम कारण आहे. दह्यातले आम्ल तांब्याशी क्रिया करते, तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात आणि पदार्थ कळकतो. तो पोटात गेला तर मळमळ आणि उलटी होऊ शकते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू, त्यामुळे नुसत्या पितळेलाही हीच अडचण लागू होते. सत्यनारायणाच्या पूजेत पंचामृतस्नान झाले की ते तांब्याच्या ताम्हणात तसेच ठेवून पुढची सगळी कथा वाचली जाते आणि मग तेच पंचामृत तीर्थ म्हणून वाटले जाते, असे मी अनेक घरी पाहिले आहे. हे थांबायला हवे, असे मला मनापासून वाटते.

यासाठीच मी कल्हईचे ताट वेगळे घेतले. ते खोलगट आहे, त्याला गोमुख, म्हणजे पाणी बाहेर पडायची पन्हळ, आहे आणि देव आत ठेवून पाचही द्रव्यांचे स्नान घालता येते. दूध, दही, तूप, मध आणि शेवटी साखर, असा क्रम आणि प्रत्येक द्रव्यानंतर शुद्धोदक, म्हणजे स्वच्छ पाणी. या क्रमात साखर शेवटी येते, ती मला फार अर्थपूर्ण वाटते. तूप आणि मध बाळकृष्णाच्या गुडघ्यामागे आणि अन्नपूर्णेच्या पळीच्या खाचेत बसलेले असतात, ते साखरेच्या कणांनी चोळले की सुटतात आणि त्यानंतरच्या कोमट पाण्याने मूर्ती लख्ख होते. गोमुखातून पंचामृत चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत लगेच उतरवता येते. या ताटाचे गोमुख पुरेसे लांब आणि खाली वळलेले आहे, त्यामुळे ओघळ ताटाच्या पाठीवरून पाटावर येत नाही. हा एवढा बारकावा पुष्कळ महागड्या ताटांमध्येही सांभाळलेला नसतो.

कल्हई त्याच ठिकाणी, मागणीनुसार, डोळ्यांदेखत करून मिळाली. भांडे तापवायचे, त्यात नवसागर टाकायचा, की त्याच्या पांढऱ्या धुराबरोबर पृष्ठभागावरचा मळ निघतो. मग कथलाची कांडी टेकवायची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सर्वत्र फिरवायचे. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून ही सगळी क्रिया साध्या कोळशाच्या भट्टीवर होते. कल्हई कायमची नसते. आमच्या ताटात वर्षभरानंतर गोमुखाच्या तोंडाशी पिवळे पितळ दिसू लागले आहे, म्हणजे आता ती पुन्हा करून घ्यायला हवी. हे ताट तारेच्या काथ्याने घासायचे नाही आणि चिंचेने तर नाहीच. मऊ कापड आणि राख किंवा साबण पुरे.

घासण्याचा विषय निघाला म्हणून देवांविषयीही सांगते. चिंच-मीठ किंवा लिंबू लावले की तांब्या-पितळेवरचा काळा थर आम्लाने विरघळतो आणि भांडे क्षणात उजळते, पण त्याबरोबर धातूचाही सूक्ष्म अंश जातो. भांड्याला ते चालते. मूर्तीला चालत नाही. जुन्या घरांतल्या कित्येक बाळकृष्णांचे नाक आणि डोळे पिढ्यान्‌पिढ्यांच्या घासण्याने सपाट झालेले दिसतात. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या शिवलिंगाच्या झिजेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे प्रत्येक भाविकाने अर्पण करायच्या पाण्याचे प्रमाण अर्ध्या लिटरवर आले, तेही शुद्ध केलेल्या पाण्याचे. पाषाण झिजतो तर पितळ झिजणारच. रोज नुसते पाणी आणि कोरडे मऊ कापड, सणाला पंचामृत, आणि आंबट पदार्थांनी उजळणे वर्षातून मोजक्याच वेळी, असे मी ठेवले आहे. बिनकल्हईची भांडी मात्र मी चिंचेनेच घासते आणि लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसते, कारण आम्ल राहिले तर दुसऱ्या दिवशी हिरवट डाग दिसतात.

तुलनेसाठी आमच्या घरी भेट म्हणून आलेला एक तयार अभिषेकसंच आहे. त्याची चकाकी पितळेची नसून वर दिलेल्या पारदर्शक लेपाची होती. मध आणि कोमट पाणी लागून लागून तो लेप पापुद्र्यांनी सुटला आणि खालचे पितळ डागाळले. त्याच्या तिवईला लोहचुंबक चिकटले, म्हणजे आत लोखंड होते, कारण पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. कोणत्याही दुकानात पितळी वस्तू घेताना ही परीक्षा अवश्य करावी. तुळशीबागेतही पूजेची उपकरणी विपुल मिळतात आणि निरांजने, हळदीकुंकवाचे करंडे किंवा पळी-पंचपात्री घ्यायला ती जागा मला अधिक सोयीची वाटते. अभिषेकपात्र आणि ताट यांसाठी मात्र घडवणाऱ्याकडेच जावे.

उणिवाही आहेत. पितळी तिवईचे कडे पात्राच्या मानाने किंचित सैल आहे, त्यामुळे पाणी भरताना पात्र डुलते. कड्यात लाल दोरा गुंडाळून मी ते बसवले आहे, पण हे काम दुकानातच व्हायला हवे होते. तयार वस्तू थोड्याच असतात, हवे ते माप सांगून थांबावे लागते आणि दिलेला दिवस पाळला जाईलच असे नाही. भाव वजनावर आणि घडणावळ वेगळी, असा हिशेब असल्याने अंतिम रक्कम वस्तू काट्यावर चढल्याशिवाय कळत नाही. माझे पात्र तिवईसह दीड ते दोन हजारांच्या दरम्यान पडले, आणि ही किंमत मला रास्त वाटते. आळी अरुंद आहे, चारचाकी आत नेण्याच्या फंदात पडू नये; शनिवारवाड्याकडून चालत जाणे सर्वांत सोपे.

श्रावणी सोमवारांसाठी पात्र करून घ्यायचे असेल तर ज्येष्ठातच मागणी नोंदवावी, आणि जाताना घरची पिंडी किंवा तिचे माप बरोबर न्यावे, म्हणजे टोटीपासून देवापर्यंतची उंची पाहून तिवईचे पाय त्या मापाने कापून मिळतात.