गाभण सांगून विकलेली रिकामी घोडी, आणि खोट्या तारखेची दुसरी

दिवाळी पाडव्याला अकलूजचा घोडेबाजार, दत्तजयंतीला सारंगखेड्याचा. पुण्याच्या आसपास ज्यांच्या दारात घोडं आहे ते खरेदीला निघतात ते याच दिवसांत. पोटात शिंगरू असलेली घोडी म्हटलं की खिसा लवकर सैल होतो, एका किमतीत दोन जीव येतात ना. मुळशीकडच्या आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने अशाच दोन घोड्या घेतल्या. बाजार उठल्यावर, एका दलालाच्या तबेल्यावर जाऊन, रोखीने. दोन्ही व्यवहारांत फसवणूक झाली, आणि दोन्हींची तऱ्हा वेगळी. ती कशी होते हे कळलं तर पुढच्याचे पैसे आणि शिंगरू वाचेल, म्हणून सगळं तपशिलाने लिहितो आहोत.

पहिली घोडी नुकरा, म्हणजे पांढरी. 'आठ महिन्यांची गाभण' असं सांगितलं होतं. पोट सुटलेलं, कास भरलेली, सड दाबला की पांढरं थेंबभर येत होतं. सोबत पशुवैद्यकाचा दाखला आणि सोनोग्राफीचा फोटो. पुण्याला आणल्यावर पंधरवड्यात कास आटली. मग घोड्यांच्या डॉक्टरांकडून तपासणी झाली, तेव्हा गर्भाशय रिकामं निघालं.

यातली एकेक खूण घेऊ. पोट हा पुरावा नाहीच. निकृष्ट कडबा आणि भुश्श्यावर पोसलेल्या, जंत झालेल्या, वय झालेल्या घोडीचं पोट असंच लोंबतं. कास मात्र भल्याभल्यांना फसवते. रिकाम्या घोडीलाही हार्मोनची इंजेक्शनं आणि डॉम्पेरिडोन हे औषध देऊन दूध आणता येतं. अनाथ शिंगरांसाठी दूधआई तयार करायला डॉक्टर हीच पद्धत वापरतात. औषध थांबलं, दूध काढणं बंद झालं की कास आटते. आणि मुळात आठव्या महिन्यात कास भरलेली असणं हेच संशयास्पद. घोडीचा गाभणकाळ साधारण ३४० दिवसांचा, म्हणजे अकरा महिने. कास उतरायला लागते ती विण्याआधी दोन ते चार आठवडे. आठव्या महिन्यात दूध टपकत असेल तर एक तर औषध दिलेलं आहे, नाही तर वारेला संसर्ग झालेला आहे किंवा पोटात जुळं आहे. घोडीला जुळं पेलत नाही, बहुतेक वेळा दोन्ही जातात. म्हणजे विकणारा खरं बोलत असला तरी ती घोडी घेण्यासारखी नसते.

'घोड्याला जवळ येऊ देत नाही, म्हणजे भरलेली आहे' हा बाजारातला दुसरा पुरावा. अल्ट्रेनोजेस्ट हे औषध रोज तोंडातून दिलं की घोडी माजावर येत नाही, नराला लाथ मारते. रेसच्या आणि शोच्या घोड्यांत ते वापरलं जातं.

रक्ताच्या रिपोर्टमधली मेख फारच थोड्यांना ठाऊक असते. गाभ राहिल्यावर साधारण ३५ ते ४० दिवसांच्या सुमारास घोडीच्या गर्भाशयात वाटीसारख्या गाठी तयार होतात आणि त्यांतून एक हार्मोन रक्तात येतं. स्वस्तातली गाभण-चाचणी तेच हार्मोन शोधते. त्या गाठी बनल्यावर गर्भ मेला तरी गाठी तशाच राहतात आणि सुमारे १२० दिवसांपर्यंत चाचणी पॉझिटिव्ह येत राहते. घोडी माजावरही येत नाही. म्हणजे रिपोर्ट खरा, लॅब खरी, शिक्का खरा, आणि पोटात काही नाही. रक्तावरच विसंबायचं असेल तर १०० दिवसांनंतर इस्ट्रोन सल्फेट हे दुसरं हार्मोन तपासा. ते गर्भ जिवंत असेल तरच चढलेलं राहतं.

फोटोचं तर विचारूच नका. सोनोग्राफीच्या चित्रावर घोडीचं नाव, तारीख, कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा क्रमांक काहीच नसेल तर ते कुठल्याही घोडीचं असू शकतं. या प्रकरणातल्या चित्रात दिसणारी गोल काळी पिशवी पंधरा-सोळा दिवसांच्या गर्भाची होती, आणि सोबतचा दाखला आठ महिन्यांचा!

आता दुसरी घोडी. कुमैत (तांबूस-तपकिरी, काळ्या आयाळीची), अंगाने भरलेली, शांत. ही खरोखर गाभण होती. नामांकित मारवाडी घोड्याकडून १५ मेला भरवल्याची छापील पावती होती. त्या हिशेबाने ती एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात व्यायला हवी. कुटुंबाने तयारीही त्याच तारखेला धरून आखली: धनुर्वाताचा बूस्टर मार्चच्या मध्याला, विण्यासाठी १४ बाय १४ फुटांचा कोरडा बॉक्स मार्चअखेर रिकामा करायचा, रात्रीची राखण एप्रिलपासून. घोडी व्याली २४ फेब्रुवारीच्या रात्री.

पावतीप्रमाणे तो २८५ वा दिवस होता. ३०० दिवसांच्या आत जन्मलेलं शिंगरू सहसा जगत नाही, आणि ३२० च्या आतलं असेल तर अंगावर खुणा दिसतात: रेशमासारखे आखूड केस, फुगीर कपाळ, मऊ लोंबणारे कान, पायांच्या नसा सैल पडून टाचेवर टेकलेले घोटे. या शिंगरात यातलं काहीच नव्हतं. कान ताठ, केस पूर्ण, घोटे उभे. शिंगरू पुरे दिवस भरून आलं होतं, खोटी होती ती तारीख. घोडी खरं तर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कुठल्यातरी दुसऱ्याच घोड्याकडून भरली होती, आणि मोठ्या नावाचं शिंगरू म्हणून किंमत चढावी यासाठी मेची पावती जोडली होती.

तारीख खोटी निघाली की काय काय निसटतं ते बघा. बूस्टर विण्याआधी चार ते सहा आठवडे द्यायचा असतो, कारण घोडीच्या वारेतून शिंगराला प्रतिकारशक्ती जात नाही. जे मिळायचं ते सगळं चिकातून. तो बूस्टर झालाच नाही. वरून घोडीच्या सडांतून आधीचे दोन-तीन दिवस दूध गळत होतं. घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराने ते सांगितलंही, पण कागदावर अजून दोन महिने बाकी होते. गळून गेलेला तो चीकच होता, घोडी पुन्हा तयार करत नाही. शिंगरू तासाभरात उभं राहिलं, दोन तासांत प्यालं, पण प्यालं ते पातळ दूध. दुसऱ्या दिवशी रक्तातलं आयजीजी, म्हणजे चिकातून मिळणारी प्रतिपिंडं, डेसिलिटरला ४०० मिलिग्रॅमच्याही खाली आलं. निदान ८०० तरी हवं. प्लाझ्मा (दुसऱ्या घोड्याच्या रक्तातला प्रतिपिंडं असलेला द्रव) दिला, तोवर नाळेतून संसर्ग आत शिरला होता. गुडघे आणि मागचे सांधे सुजून पू झाला, आणि आठवड्याभरात शिंगरू गेलं. हे टाळता आलं असतं, याची चीड आम्हाला अजून आहे.

पावतीतल्या घोड्याच्या मालकाला नंतर फोन केला. त्याच्या वहीत या घोडीची नोंदच नव्हती. पावतीपुस्तक झेरॉक्स काढून छापलेलं होतं. शिंगराच्या आयाळीचे मुळासकट उपटलेले केस ठेवलेले होते, त्यावरून पावतीतल्या घोड्याशी डीएनए जुळवून पाहिला, तोही जुळला नाही. हा फोन इसार देण्याआधी करायचा असतो. नर घोड्याच्या मालकाला तीनच गोष्टी विचारा: घोडी भरवल्याच्या सगळ्या तारखा, घोडीचा रंग आणि भोवरे, पैसे कोणी दिले.

थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची घोडी असेल तर काम सोपं आहे. नोंदी ठेवणारी भारतीय स्टड बुकची कचेरी पुण्यातच आहे, आणि तिथे चिप व डीएनएशिवाय शिंगराची नोंद होत नाही. फसवणुकीला वाव आहे तो मारवाडी, काठियावाडी, भीमथडी आणि बिननोंदीच्या घोड्यांत.

व्यवहार करताना तपासणी तुमच्या डॉक्टरकडून, तुमच्या डोळ्यांसमोर, पैसे देण्याआधी झाली पाहिजे. रेसकोर्समुळे पुण्यात घोड्यांचे जाणते डॉक्टर आणि हातात नेता येणारी सोनोग्राफी मशीन दोन्ही मिळतात. येण्याजाण्याच्या भाड्यासकट हा खर्च घोडीच्या किमतीपुढे काहीच नाही. आधी मानेच्या डाव्या बाजूला चिप वाचायची, तिचे १५ आकडे कागदाशी जुळवायचे, मगच मशीन लावायचं. लहान गाभाला गुदद्वारातून, मोठ्या गाभाला पोटावरूनही शिंगराचं हृदय धडधडताना दिसतं. ते तुम्ही स्वतः पडद्यावर बघा. पोटातल्या शिंगराच्या डोळ्याच्या खोबणीच्या मापावरून महिन्यांचा ढोबळ अंदाजही डॉक्टर देतात. दोन महिन्यांची तफावत त्यात लपणं कठीण. विकणारा म्हणेल, 'हात घातला की गाभ पडतो.' अनुभवी हाताने, घोडी खोड्यात (हलू न देणाऱ्या चौकटीत) नीट उभी करून केलेल्या तपासणीने गाभ पडत नाही. जो हे कारण पुढे करतो त्याच्याकडून घोडी घेऊ नका.

दाखल्यावर पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक नसेल तर तो कागद बाजूला ठेवा. असेल तर त्या डॉक्टरांना फोन लावून त्या तारखेला ही घोडी पाहिली का ते विचारा. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर: रंग, खुणा, भोवरे, चिप, भरवल्याची शेवटची तारीख, नराचं नाव, आणि 'तपासणीत गाभण न निघाल्यास अथवा डीएनए न जुळल्यास पूर्ण रक्कम परत' हे वाक्य. पैसे बँकेतून. मुळशीच्या कुटुंबाकडे रोखीच्या व्यवहाराचा एकही कागद नव्हता, त्यामुळे पोलिसांत फसवणुकीची तक्रार देतानाही दाखवायला काही उरलं नाही.

घोडी आणलीच असेल आणि तारखेवर विश्वास नसेल, तर ती उद्याच विणार असं धरून चाला. पहिले तीन आठवडे तरी तुमच्या इतर गाभण घोड्यांपासून लांब, वेगळ्या बादलीवर, वेगळ्या मोतद्दाराकडे ठेवा; बाजारातून येणारा हर्पीस विषाणू अख्ख्या तबेल्याचे गाभ पाडतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाची तपासणी करून घ्या, २००६ साली तो पुणे-पाचगणीतच उद्भवला होता. धनुर्वाताचा बूस्टर लगेच द्या, आणि तो पुन्हा कधी द्यायचा ते डॉक्टरांशी ठरवा. कास उतरू लागली की रोज संध्याकाळी सड बघा. टोकावर मेणासारखा थेंब गोठला की बहुधा एक-दोन दिवसांत विणार. रात्री माणूस हवाच. पाणमोट फुटल्यावर अर्ध्या तासात शिंगरू बाहेर यायला हवं. पांढऱ्या पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी पुढे आली तर डॉक्टरची वाट न बघता ती तिथेच फाडा, शिंगराचा श्वास तुटलेला असतो. वार तीन तासांत पडली नाही तर फोन करा, ओढू नका.

चीक आधीच गळला असेल तर दुसऱ्या घोडीचा लागेल. नुकत्याच व्यालेल्या घोडीचं शिंगरू प्यायल्यावर तिच्याकडून पाव लिटर काढून फ्रीझरमध्ये ठेवलेला असला तर तो कोमट पाण्यात वितळवा, मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नाही. पहिल्या सहा तासांत लिटर-दीड लिटर, थोडाथोडा करून पोटात जायला हवा. नाळ पातळ क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात दिवसातून दोन-तीनदा बुडवा. आणि शिंगरू कितीही टवटवीत दिसलं तरी चोवीस तासांच्या आत आयजीजी तपासून घ्या. कमी निघालं तर प्लाझ्मा त्याच दिवशी द्यायचा, सांधे सुजायची वाट बघायची नाही.