शुक्रवारचा आत्मिक वाढीचा वर्ग : चार तारे, एक कापला

मंडळीचं, म्हणजे आमच्या चर्चचं, नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत. नाशिकच्या शरणपूर रोडकडचे लोक ओळखतीलच.

१२ शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा ते आठ, फी ४०० रुपये. त्यात वही, चहा आणि चिवडा. मी जेल रोडला राहते. द्वारकेचा सिग्नल ओलांडून पोचेपर्यंत पहिलं गीत संपलेलं असायचं, तेव्हा गायनाबद्दल मला विचारू नका. हॉल पत्र्याचा. पंखे तीन, चालणारा एक, आणि त्याखालच्या खुर्च्या लवकर येणाऱ्यांच्या. एप्रिलमध्ये तिथे बसून सहनशीलतेवर प्रवचन ऐकायचं म्हणजे पाठ आणि प्रात्यक्षिक एकदमच.

मी नाव घातलं ते खरं तर रागाने. ३५ वर्षं वॉर्डात सिस्टर होते, संडे स्कूल शिकवलं, आणि पाळकसाहेब म्हणतात, "बाई, तुम्हीपण बसा की." मला काय शिकवणार, हे मनात. पहिल्याच शुक्रवारी बायबलातल्या इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय निघाला : एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते ते अजून दुधावरच आहेत, जड अन्न पचत नाही. शिकवणारे दादा माझ्याकडे बघत नव्हते. मी मात्र उगाच पदर सारखा केला.

वहीबद्दल. छपाई स्वच्छ, अक्षर बारीक. तिसऱ्या आठवड्यात 'आत्मिक प्रौढतेची गुणपत्रिका' येते. गलतीकरांस पत्र ५:२२-२३ मधली आत्म्याच्या फळाची नावं, प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ रकाने, प्रत्येकाला १० पैकी गुण. एक प्रत आपण भरायची, एक घरच्यांनी. मी मला ९० पैकी ७४ दिले. आमच्या ह्यांनी चष्मा लावला, पेन्सिलीला टोक काढलं आणि सहनशीलतेपुढे ४ लिहिले. शेजारी बारीक अक्षरात, 'ड्यूटीवर असताना ८'. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे ४ सुद्धा जास्तच होते.

पण हे पान चुकलेलंच आहे. वचनात 'फळ' आहे, 'फळे' नाही. फळ एकच, ही नऊ नावं त्या एकाच फळाची. सौम्यतेत नापास आणि आनंदात डिस्टिंक्शन, असा निकाल तिथे लागत नाही. मी वर्गात हे बोलले. दादांनी वही जरा वेळ न्याहाळली, "बरोबर आहे बाई तुमचं" म्हणाले, आणि ते पान पुन्हा उघडलं नाही. असं ऐकून घेणारा शिक्षक मिळत नाही हो.

सातव्या आठवड्याला वर्ग हॉलमध्ये भरलाच नाही. आमच्यातल्याच एका काकांची निफाडकडे द्राक्षबाग आहे, तिथे गेलो. खरड छाटणी चालू होती. येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो तो योहानाचा १५ वा अध्याय मी शंभरदा वाचलाय, पण कात्रीचा आवाज ऐकत पहिल्यांदाच. काडी एका डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या एका जागेवर, आणून ठेवत होते. खाली हिरव्या पानांचा ढीग, वर नुसते बोडके ओलांडे, वेलाच्या आडव्या फांद्या. आमच्यातली एक पोरगी म्हणाली, "अहो, चांगल्या काड्या पण कापताय!" काका म्हणाले, "ह्या छाटणीला माल नसतोच. माल ऑक्टोबरच्या छाटणीला. पण घड धरतो तो आत्ता उन्हाळ्यात, डोळ्याच्या आत. दिसत नाही एवढंच." दादा त्यावर काही बोलले नाहीत, आणि ते फार बरं झालं.

लक्ष्मीबाई टिळकांचा विषय निघाला तोही तिथेच, परतीच्या गाडीत. त्या आपल्या जलालपूरच्या. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ मध्ये, आणि बाईंचं सोवळंओवळं सुटायला त्यानंतर वर्षं लागली. नवऱ्यापाठोपाठ फरफटत आल्या नाहीत, आपल्या पायांनी आल्या. मला हे पुस्तकी उदाहरणांपेक्षा जास्त पटलं.

आता गृहपाठ, ज्यासाठी मी हे लिहायला बसले. ज्या माणसाशी बोलणं बंद आहे त्याच्याकडे जायचं, आपली चूक तेवढी सांगायची, त्याची काढायची नाही. माझी जाऊ सिन्नरला असते. सासूबाईंच्या पाटल्यांवरून सहा वर्षं अबोला. बेल वाजवली. तिने दार उघडलं, मला बघितलं, "दूध आहे गॅसवर" म्हणाली आणि आत गेली. दार मात्र उघडंच. मी चपला काढू की नको करत उभी. शेवटी आत जाऊन ओट्यापाशीच, बसायच्या आधी, बोलून टाकलं. ती दूध ढवळत राहिली. मग चहा ठेवला. कप पुढे आला तो तीन चमचे साखरेचा. मला मधुमेह निघाला तो अबोल्यानंतर, तिला कुठून कळणार? सगळा प्यायले.

पाटल्यांचं अजून काही ठरलेलं नाही.

एक तारा कापला तो गुणपत्रिकेसाठी. पंख्याचाही कापणार होते, पण शेवटच्या शुक्रवारी दुरुस्तीसाठी वर्गणी काढली आणि १०० रुपये मीच दिले. पुढची तुकडी पावसाळ्यानंतर आहे. जाताना बारीक अक्षराचा चष्मा न्या. मी पुन्हा बसणार नाही. जावेला विचारलंय, ती "बघू" म्हणाली.