सम्नरच्या कोर्टापुढची हिरवी पाटी

उभी हयात मुद्रितशोधनात गेली, त्यामुळे पाटी दिसली की मी आधी मजकूर तपासतो. मिसिसिपीतल्या सम्नर गावची ही पाटी उत्तीर्ण आहे, आणि चांगल्या गुणांनी.

गाव एवढंसं. चौक, विटांचं जुनं कोर्ट, मागे बायू म्हणजे संथ पाण्याचा ओढा, चहूकडे डेल्टाची सपाट शेतं. गाडी चौकातच लावता येते, पाटी बघायला पैसे पडत नाहीत. मिसिसिपी राज्याच्या नेहमीच्या साच्यातली हिरवी पाटी, वर मॅग्नोलियाचं फूल.

मजकूर एमेट टिलच्या खून खटल्याचा. शिकागोहून नातेवाइकांकडे आलेला 14 वर्षांचा हा काळा मुलगा ऑगस्ट 1955 मध्ये मारला गेला आणि त्याचा मृतदेह टॅलाहॅची नदीत सापडला. पुढचं पाटी आडपडदा न ठेवता सांगते: याच इमारतीत सर्व गोऱ्या ज्यूरीने रॉय ब्रायंट आणि जे. डब्ल्यू. मायलम यांना निर्दोष सोडलं, आणि नंतर त्या दोघांनी एका मासिकाला मुलाखत देऊन खुनाची कबुली दिली. ‘दुर्दैवी घटना’, ‘काही अज्ञात इसम’ असलं काही नाही. सोडणारे कोण, सुटलेले कोण, दोन्ही लिहिलंय. खुनी ज्या दारातून हसत बाहेर पडले त्याच दारापुढे सरकारी पाटीवर त्यांची नावं आहेत, याचं मोल मला फार वाटतं. ती 2007 मध्ये लागली. त्याच वर्षी गावकऱ्यांनी इथेच टिल कुटुंबाची जाहीर माफी मागितली.

एक गुण मात्र कापतो. आई मेमी टिल पाटीवर नाही. मुलाचा ओळखू न येणारा चेहरा जगाने बघावा म्हणून तिने शवपेटी उघडी ठेवायला लावली. ती नसती तर हा खटला कदाचित जिल्ह्याबाहेर कुणाला कळलाही नसता. ज्यूरीला निकालाला 67 मिनिटं लागली, हेही एका ओळीत मावलं असतं. आणि भर कोर्टात उभं राहून गोऱ्या आरोपींकडे बोट दाखवणारे मोझ राइट, एमेट ज्यांच्या घरी उतरला होता ते काळे नातेवाईक! तेव्हाच्या मिसिसिपीत ते धाडस जिवावर बेतणारं होतं.

म्हणून नुसती पाटी वाचून निघू नका. कोर्टरूम 1955 सारखी दिसेल अशी पुन्हा सजवली आहे. आत जायचं असेल तर समोरच्या एमेट टिल इंटरप्रिटिव्ह सेंटरमध्ये विचारा. 2023 पासून हे कोर्ट राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे.

गाडी आणि वेळ असेल तर मनी गावही करा. ज्या ब्रायंट किराणा दुकानात एमेटने रॉय ब्रायंटच्या बायकोशी गैरवर्तन केल्याचा आरोप झाला आणि सगळं सुरू झालं, त्याच्या पडक्या भिंती वेलींखाली गाडल्या गेल्यात. तिथली 2011 ची पाटी 2017 मध्ये कुणीतरी खरवडली होती, नंतर दुरुस्त केली. एमेटचा मृतदेह जिथे बाहेर काढला असं मानतात त्या नदीकाठच्या ग्रॅबॉल लँडिंगची पाटी तर आधी चोरीला गेली, मग बदललेल्या पाट्यांवर पुन्हा पुन्हा गोळ्या झाडल्या. 2019 मध्ये बसवलेली पाटी गोळी न भेदणारी, पोलादाची आहे. तिकडचा रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला असेल तर आधी चौकशी करा.

पाचपैकी चार.