फुकटचा अँटिव्हायरस ६७,९९८ रुपयांना पडला

आधी आकडे लिहून टाकतो. २,४९९ अधिक १८,९९९ अधिक ४६,५००. एकूण ६७,९९८ रुपये. कशाचे? फुकटच्या अँटिव्हायरसचे.

मी काही अगदीच ढ नाही. लॉटरीच्या मेलला आजवर उत्तर दिलेलं नाही, केवायसीवाल्या भामट्यांचा फोन आला तर चांगला झापतो. जुन्या अँटिव्हायरसची मुदत संपली, रोज कोपऱ्यात तांबडी सूचना यायला लागली. म्हटलं, पैसे कशाला घालायचे, फुकटातलं बरंसं काही बघू. सर्च केलं आणि सगळ्यात वरची लिंक उघडली. ती जाहिरात होती. तसं लिहिलेलंही होतं, मुंगीएवढ्या अक्षरांत. पत्त्याशेजारी कुलूप दिसलं आणि मी निर्धास्त झालो. त्या कुलपाचा अर्थ इतकाच, की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या मधे कोणी ऐकत नाही. पलीकडे चोर बसलाय की साव, हे ते सांगत नाही.

आता खरी जखम. फाइल उघडली आणि विंडोजने निळी चौकट आणून मला अडवलं: प्रोग्राम ओळखीचा नाही, थांबवलाय. समोर बटण एकच, 'चालवू नका'. तरीही चालवायचाच असेल तर आधी 'अधिक माहिती'वर क्लिक करावं लागतं, तेव्हा कुठे दुसरं बटण उगवतं. म्हणजे बिचाऱ्या मशीनने माझा हात धरला होता. पण डाउनलोडच्या पानावर याच चौकटीचा फोटो होता, त्यावर बाण काढून लिहिलेलं: 'ही सूचना आल्यास घाबरू नका, नवीन आवृत्तीला येते.' गेलो बाणामागे. पुढच्या पायरीला विंडोजचं स्वतःचं संरक्षण बंद करायला सांगितलं. तेही केलं, स्वतःच्या हाताने. तुमच्या मशीनचा पहारेकरी घालवायला सांगणारा प्रोग्राम त्याच क्षणी उडवा, बाकी काही बघू नका.

स्कॅन झालं. अकरा सेकंदांत १,३४७ धोके! जुन्या अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन लावून मी झोपायला जायचो, इतका वेळ लागायचा. आणि डब्यावरचा तो डिस्कचा दिवा, काम चालू असलं की फडफडणारा, तो गप्प होता. पाहिला मी. डोळ्याला दिसला, डोक्यात शिरला नाही, कारण पडद्यावर लाल आकडा धावत होता. नेमकी कुठली फाइल खराब, त्याचा पत्ता नाही. शोधणं फुकट, साफ करणं २,४९९. भरले.

'सक्रिय' करायला फोन नंबर होता. पलीकडचा माणूस इतका अदबीचा, की नातेवाईक लाजतील. "सर, वेळेत फोन केलात." दुरून स्क्रीन ताब्यात घेऊन त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडला आणि तांबड्या-पिवळ्या खुणांची रांग दाखवली. नंतर मुलाने स्वतःच्या कोऱ्या लॅपटॉपवर तेच उघडलं, तिथेही रांग. "बाबा, हे सगळ्यांच्याच मशीनवर असतं." तोवर तीन वर्षांच्या 'संरक्षणाचे' १८,९९९ गेले होते.

तेराव्या दिवशी पुन्हा फोन. कंपनी बंद होतेय, १८,९९९ चा रिफंड घ्या, नेटबँकिंग उघडा. स्क्रीन त्याच्याकडेच. पानावर ६५,४९९ जमा दिसले. "सर, चुकून जास्त गेले, माझी नोकरी जाईल, फरक परत करा." ब्राउझरमधल्या पानावरचा आकडा कोणालाही आपल्या पडद्यापुरता बदलता येतो, पान पुन्हा लोड केलं की खरा दिसतो. मी लोड केलं, ४६,५०० पाठवून झाल्यावर. हे पैसे लोभापायी नाही, प्रामाणिकपणापायी गेले, एवढी तरी नोंद घ्या.

आता साहेब लोकांकडे येऊ. बँकेत चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं, मग उत्तर: "ओटीपी तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे." अहो, अधिकृत असता तर तक्रार कशाला केली असती? ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवा म्हटलं, तर लेखी द्या. लेखी दिलं, तर आधी पोलिसांची पोच आणा. पोलीस म्हणतात ऑनलाइन भरा. ऑनलाइन फॉर्म माझे स्क्रीनशॉट घेईना, 'फाइल मोठी आहे'. छापून घेऊन गेलो, तर ते खातं आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात विचारलं, तर पहिल्याच ठाण्यात जा. तिथे टेबलापलीकडचा गृहस्थ कागद न उघडता म्हणाला, "फुकटात घ्यायला गेलात ना?" शेजारचा हसला. चोराने निदान सर तरी म्हटलं होतं. नऊ दिवस हा खेळ चालला, आणि ते खातं पहिल्याच संध्याकाळी रिकामं झालं होतं. म्हणून सांगतो, पैसे गेल्या मिनिटाला बँकेला फोन लावा, लाज नंतर.

सगळ्यात चीड कशाची येते? फुकटचं संरक्षण माझ्याकडे होतंच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर विंडोजमध्येच असतो. घरच्या वापराला तो पुरतो, अपडेट तेवढे थांबवू नका. दुसरं काही हवंच असेल तर अँटिव्हायरस तपासणाऱ्या संस्थांचे, म्हणजे जर्मनीतल्या माग्डेबर्गची एव्ही-टेस्ट किंवा ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्हज यांचे निकाल बघा, ते फुकट वाचता येतात, आणि कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करा. नावाजलेलं फुकटही डोळे मिटून नको. ब्राउझिंगची माहिती विकल्यावरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये फुकट अँटिव्हायरस देणाऱ्या अवास्ट कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. आणि मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर नसतो. कधीच.

माझ्यासारखं झालंच असेल तर आधी नेटची वायर काढा. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. मी त्याच मशीनवरून बदलले होते, म्हणजे दोनदा बदलावे लागले. शेवटी मुलाने डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकलं.

काल बँकेचा मेसेज आला: 'आपली तक्रार निकाली काढली आहे. सेवा कशी वाटली ते कळवा.' खाली लिंक होती. उघडली नाही.