कर्सर गायब: ड्रायव्हर मागे न्यायचा, मुळापासून काढायचा की तात्पुरतं भागवायचं?

कर्सर दिसत नसताना माउस तसाच हलवून बघा. टास्कबारवरून नेताना आयकॉनमागचा रंग बदलतो का? राइट क्लिक केल्यावर मेनू उघडतो का? उघडत असेल तर माउस ठणठणीत आहे, फक्त कर्सरचा बाण स्क्रीनवर उमटत नाही. बहुतेक वेळा त्यामागे ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ग्राफिक्स कार्डाशी जोडणारा प्रोग्रॅम, असतो. काहीच प्रतिसाद नसेल तर माउसची वायर, यूएसबी पोर्ट किंवा बंद पडलेला टचपॅड तपासा. मग पुढचे उपाय तुमच्यासाठी नाहीत.

विंडोज सहसा बाण बाकीच्या चित्रात मिसळत नाही. ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) तो वेगळ्या थरावर ठेवतं आणि अगदी शेवटी स्क्रीनवर चढवतं. म्हणूनच एखादा प्रोग्रॅम अडकला तरी बाण फिरत राहतो, आणि ड्रायव्हर बिघडला की बाकी सगळं दिसून नेमका बाणच जातो. विंडोज अपडेटने परस्पर बदललेला ड्रायव्हर, जुन्या कार्डाचे मागे राहिलेले अवशेष, लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशा दोन कंपन्यांच्या ग्राफिक्स चिप: कारण सहसा यांतलंच एक निघतं.

आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळी होते आणि ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. बाण परत आला, पण पुन्हा पुन्हा जात असेल, तर मग निर्णय घ्यायचा.

अपडेटनंतर लगेच त्रास सुरू झाला असेल तर ड्रायव्हर मागे न्या, म्हणजे त्याची आधीची आवृत्ती परत आणा. माउसशिवायही जमतं: विंडोज आणि एक्स दाबून येणाऱ्या मेनूतून डिव्हाइस मॅनेजर उघडा, टॅब दाबून यादीत शिरा, कीबोर्डवरच्या बाणाच्या बटणांनी डिस्प्ले अडॅप्टर्सवर या, उजव्या बाणाच्या बटणाने ते उघडा, कार्ड निवडून ऑल्ट आणि एंटर दाबा. कंट्रोल आणि टॅबने ‘ड्रायव्हर’ हे पान येतं. तिथे ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे. काम थोडक्यात आटोपतं आणि धोका कमी. पण आधीचा ड्रायव्हर साठवलेला नसेल तर ते बटण फिकट दिसतं आणि चालत नाही. शिवाय विंडोज अपडेट तोच नवा ड्रायव्हर परत टाकू शकतं, म्हणून अपडेट काही दिवस थांबवून ठेवा.

कार्ड बदललंय किंवा एएमडी कंपनीच्या कार्डावरून एनव्हिडियाच्या कार्डावर आलात, तर मागे नेण्यात अर्थ नाही. तिथे जुना ड्रायव्हर मुळापासून काढणारा प्रोग्रॅम, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, हाच सरळ मार्ग. यात वेळ जातो आणि क्रम चुकला की अडचण होते. नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवा. लॅपटॉप असेल तर तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) सुरू असेल तर तिची रिकव्हरी की, म्हणजे कुलूप उघडणारा लांब आकडा, हाताशी हवी; सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींसह सुरू होते त्या अवस्थेत, जाताना ती मागितली जाऊ शकते. मग इंटरनेट तोडा. हे विसरलात तर सफाई झाल्या झाल्या विंडोज स्वतःच ड्रायव्हर टाकून मोकळं होतं आणि सगळी मेहनत वाया जाते. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ४ दाबून सेफ मोड घ्या, डीडीयूत ‘क्लीन अँड रीस्टार्ट’ निवडा. सेफ मोडमध्ये बाण नीट दिसला तर दोष ड्रायव्हरचा, हेही तिथेच कळतं, कारण तिथे मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर चालतो. दोन ग्राफिक्स असतील तर परत आल्यावर आधी इंटेलचा ड्रायव्हर टाका, मग एनव्हिडियाचा.

बाण फक्त ब्राउझर किंवा व्हिडिओवर जात असेल तर सफाईच्या फंदात लगेच पडू नका. ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन, म्हणजे ब्राउझरचं काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवणारी सोय, बंद करून बघा.

आज संध्याकाळपर्यंत फाइल द्यायचीच असेल, किंवा ऑफिसच्या मशीनवर ॲडमिनचे हक्क नसतील, तर माउसच्या सेटिंग्जमधल्या पॉइंटर ऑप्शन्समध्ये पॉइंटर ट्रेल्स (बाणामागे उमटणारी शेपूट) सुरू करा आणि शेपूट सगळ्यात लहान ठेवा. यामुळे विंडोज बाण स्वतः चित्रात काढतं, कार्डाचा वेगळा थर वापरलाच जात नाही. दोष तसाच राहतो, पण शेपटीसह का होईना, बाण दिसतो. आणि ट्रेल्स लावताच दिसला, बंद करताच गेला, तर आयटीवाल्यांना नेमकं हेच सांगा. माउस बदलून बघण्यात त्यांचा वेळ जाणार नाही.