एंडोवाल्या पोटासाठी घेतलेला ३ महिन्यांचा डाएट प्लॅन: माझा अनुभव

नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण त्या एका आहारतज्ज्ञ मॅडमपेक्षा या प्रकारच्या प्लॅनबद्दल सांगायचंय. आपल्यातल्या कोणी घेणार असेल तर पैसे भरायच्या आधी काय विचारायचं ते तरी कळेल.

आधी माझं थोडं सांगते. मला एंडो, म्हणजे एंडोमेट्रिओसिस आहे, गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढतं तो आजार. डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट (एंडोमुळे होणारी, जुन्या रक्ताने भरलेली गाठ) होती, २ वर्षांपूर्वी लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून शस्त्रक्रिया) झाली, पाळीचं दुखणं बरंच कमी झालं पण पोट काही केल्या शांत होईना. सकाळी सपाट असलेलं पोट दुपारी चारला टम्म, ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन सलवारची नाडी सैल करायची, पाळीच्या आधी चार दिवस पोट साफ नाही आणि पाळी आली की जुलाब. आई म्हणायची गॅस आहे, ओवा खा, आणि मी वर्षानुवर्षं ओवाच खात बसले. शेवटी माझ्या गायनॅकने तपासण्या करून आतड्यावर एंडो नाही ना ते बघितलं (हे आधी करून घ्या, प्लीज) आणि मग लो फॉडमॅप आहार करून बघ म्हणाल्या, पण एकटीने नाही, कोणाच्या तरी देखरेखीखाली.

फॉडमॅप म्हणजे काही ठरावीक कर्बोदकं, जी लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत, पाणी ओढून घेतात आणि पुढे मोठ्या आतड्यात बॅक्टेरिया त्यांचा गॅस करतात. असं सगळ्यांनाच होतं, पण एंडोमध्ये आतड्याच्या नसा हळव्या झालेल्या असू शकतात, त्यामुळे तेवढाच गॅस आपल्याला जास्त दुखतो. मला हे कळलं तेव्हा खरंच रडू आलं, कारण इतकी वर्षं मला वाटायचं की मीच नाजूकपणा करतेय. हा आहार ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचा, आणि त्यांनीच एंडो असलेल्या ३५ बायकांवर केलेली चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. २८ दिवस लो फॉडमॅप जेवण दिल्यावर ६० टक्के जणींना पोटाच्या तक्रारीत फरक पडला, नेहमीच्या चांगल्या जेवणावर २६ टक्के जणींना. ३५ म्हणजे फार नाहीत, पण मला करून बघायला तेवढं पुरलं.

प्लॅन व्हिडिओ कॉलवर होता. पहिला चार्ट आला तो बघून मी फोनच ठेवून दिला. झुकिनी, किन्वा, ब्लूबेरी! आमच्या भाजीवाल्या मावशींकडे यातलं काय मिळणार? मी सरळ सांगितलं की मॅडम, माझ्या घरात पाच माणसांचा स्वयंपाक होतो, माझ्यासाठी वेगळी चूल मांडता येणार नाही. हे मात्र त्यांचं कौतुक, त्यांनी वाद न घालता दोन दिवसांत नवीन चार्ट दिला. ज्वारीची भाकरी, भात, बटाटे पोहे, वांगं, गाजर, पालक, अंडी, मासे, दाण्याचं कूट, मूगडाळ पण मोजून थोडीच. कांदा बंद, पण पातीच्या कांद्याचा हिरवा भाग चालतो. लसूण बंद, पण तेलात पाकळ्या परतून काढून टाकायच्या आणि ते तेल वापरायचं, कारण लसणातला त्रास देणारा भाग पाण्यात उतरतो, तेलात उतरत नाही (तेल लगेच वापरायचं, साठवायचं नाही). आणि हिंग घेताना डबीवरची बारीक अक्षरं वाचा, आमच्या डबीवर गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं आणि मी ते रोज फोडणीत घालत होते.

सगळ्यात मोठा आधार सासूबाईंचा झाला. त्या म्हणाल्या, "अगं, चातुर्मासात चार महिने कांदा-लसूण नसतोच की आपल्याकडे, त्यात काय एवढं!" आणि आलं, खोबरं, गोडा मसाला घालून अशी वांग्याची भाजी केली की मुलांनीही तीच मागितली.

चौथ्या आठवड्यात चारचा फुगारा जवळजवळ गेला. पण खरं महत्त्वाचं काम त्यानंतरचं, म्हणजे एकेक गोष्ट परत खाऊन बघणं. एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस वाढत्या प्रमाणात, मग दोन-तीन दिवस थांबायचं. इथे गडबड झाली. त्यांचं वेळापत्रक कॅलेंडरवर चालत होतं आणि माझी गव्हाची टेस्ट नेमकी पाळीच्या आदल्या आठवड्यात आली. पोट फुगलं, आणि पोळी कायमची बंद असा शेरा आला! मी म्हटलं त्या दिवसांत माझं पोट काही न खाताही फुगतं. परत टेस्ट घ्यायला लावली, त्यांनी जादा पैसे घेतले नाहीत, आणि काय, एक पोळी मला व्यवस्थित चालते, दोन झाल्या तर नाही. दुधाचा चहाही चालतो. लसूण मात्र अजिबात नाही, एका पाकळीवर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोट दगडासारखं. म्हणजे गप्प बसले असते तर उगाच आयुष्यभर पोळी सोडली असती.

त्यामुळे घेणार असाल तर हे आधी विचारा की परत खाऊन बघायचा टप्पा प्लॅनमध्ये आहे का, आणि तो माझ्या पाळीच्या तारखा बघून लावणार का. नुसती 'हे खाऊ नका'ची यादी देणार असतील तर घेऊ नका. कडक पथ्य दोन ते सहा आठवड्यांचंच असतं, ते वर्षभर ओढलं तर अंगाला लागणारं बरंच काही सुटतं. आणि याने एंडो बरा होत नाही हं, पाळीचं माझं दुखणं आहे तेवढंच आहे, त्याची औषधं गायनॅककडेच.

५ पैकी ४ देईन, एक पाळीच्या तारखा न विचारल्याबद्दल कापला. आता फक्त आंब्याची टेस्ट राहिलीये. तो यादीत तसा लाल रंगातच आहे, म्हणजे त्रास देणाऱ्यांत, पण मे महिन्यात पाळी संपल्यावर आधी अर्धी फोड खाऊन बघणार आहे.