जुना आगीचा बंब १४ महिने सांभाळल्यावर: पंप पाणी का उचलत नव्हता

गाडी बेडफर्ड एस टाईप, १९५४ ची, ४.९ लिटरचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन, मागे सेंट्रिफ्युगल पंप, ४०० गॅलनची टाकी. ज्यांना जुन्या बंबांचा नाद आहे त्यांना बाकीचं माहीतच आहे म्हणून सरळ मुद्द्यावर येते. तिसऱ्या महिन्यात कोणी विचारलं असतं तर मी पाचपैकी पाच दिले असते, आठव्या महिन्यात दोन, आणि आज चार देतेय, आणि जो एक कापलाय तो गाडीचा नाही, ज्याने पंपाचं काम केलं त्याचा आहे.

सुरुवातीचे तीन महिने मी हवेत होते. सहा सिलिंडरचं इंजिन एकदा गरम झालं की इतकं गुळगुळीत फिरतं की कॅबमध्ये दोन सीटच्या मधल्या इंजिन कव्हरवर हात ठेवला तरच चालू आहे हे कळतं. मीटरवर किलोमीटर एकदम कमी होते आणि मी त्यालाच भुलले. इथे नवीन लोकांना सांगते, बंबाच्या किलोमीटरवर अजिबात जाऊ नका. हे इंजिन आयुष्यभर थंड असताना स्टार्ट होऊन दुसऱ्या मिनिटाला फुल थ्रॉटलवर पळालेलं असतं, आणि आगीच्या जागी पोचल्यावर गाडी उभी पण इंजिन मात्र तासन् तास पंप फिरवतंय, त्यातला एकही तास किलोमीटरमध्ये दिसत नाही. कॉम्प्रेशन तपासा, ऑइल प्रेशर गरम इंजिनवर बघा. माझं सुदैवाने चांगलं निघालं.

पंपसुद्धा मला फर्स्ट क्लास वाटला होता. टाकी भरायची, पीटीओ (इंजिनची ताकद पंपाला जोडणारा गिअर) टाकायचा, व्हॉल्व्ह उघडला की नोझलमधून सणसणीत धार. यात गंमत अशी की टाकी पंपाच्या वर असते, पाणी आपोआप उतारानं पंपात येतं, म्हणजे पंपाला ओढायचं काम करावंच लागत नाही. टाकीवर चालणारा पंप चांगला आहे असं समजणं म्हणजे उतारावर गाडी पळाली म्हणून इंजिन चांगलं म्हणण्यासारखं आहे, पण हे मला तेव्हा कळत नव्हतं.

मला तेव्हा एकच गोष्ट खुपत होती, ग्लँड, म्हणजे शाफ्ट पंपातून बाहेर येतो तिथलं सील. पंप चालू असताना शाफ्टपाशी थेंब थेंब पाणी टिपकायचं आणि खाली थारोळं व्हायचं. मी दर वेळी खाली फडकं टाकायचे आणि चिडायचे, की एवढा खर्च करून आणलेली वस्तू आणि टिपकतेय. शेवटी पंपाचं काम करणाऱ्या एका वर्कशॉपला गाडी नेली आणि म्हटलं हे टिपकणं बंद करा. त्यांनी बंद केलं. एक थेंब नाही. मी खूश, पैसे दिले, घरी आले.

इथे माझं मत पूर्ण बदललंय आणि जुनं मत चुकीचं होतं हे स्पष्ट लिहिते. ग्लँड टिपकलंच पाहिजे. आत ग्रॅफाइट लावलेल्या दोरीच्या रिंगा शाफ्टभोवती दाबून बसवलेल्या असतात आणि त्यांना गार ठेवणारं, वंगण देणारं ते पाणीच असतं. नट आवळून टिपकणं बंद केलं की रिंग कोरडी पडते, शाफ्टवरच्या स्लीव्हला घासते, तापते, जळते. माझ्याकडे चौथ्या की पाचव्या वेळेला ग्लँडमधून जळक्या दोरीचा वास आला, हात लावला तर चटका बसला. आता मी घड्याळ लावून मिनिटाला साधारण ४० थेंब ठेवते, नट बोटानं फिरेल इतपतच, आणि दर वेळी फक्त एक पैलू फिरवून पाच मिनिटं थांबते. ते थारोळं आता मला बघायला आवडतं.

तर आठवा महिना. पहिल्यांदाच बंब तळ्याकाठी नेला, ओळखीतली बरीच मंडळी, पोरंटोरं बघायला आलेली. आधी टाकीतलं सगळं पाणी उडवून दाखवलं, पोरं भिजली, मजा आली, मग म्हटलं आता तळ्यातून खेचून दाखवते. सक्शन पाईपचे दोन तुकडे जोडले, स्ट्रेनर पाण्यात सोडला, इंजिन रेस करून प्रायमर मारला. माझ्या गाडीत एक्झॉस्टवाला प्रायमर आहे, म्हणजे सायलेन्सरकडे जाणारा धूर अरुंद नळीतून जोरात सोडतात आणि तो पंपातली हवा ओढून बाहेर काढतो. तीस सेकंद झाले, मिनिट झालं, दीड मिनिट झालं, कंपाऊंड गेजचा (व्हॅक्यूम आणि प्रेशर दोन्ही दाखवणारं, व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत) काटा ७ इंचांवर येऊन थांबला आणि तिथून हलायला तयार नाही. पंप नुसता हवा घेत होता. मी इंजिन बंद केलं. पोरांना घेऊन सगळे हळूहळू निघून गेले, आणि त्या दिवशी रात्री मी जेवले नाही हे खरं आहे.

हे ७ इंच म्हणजे काय ते सांगते कारण सगळा खेळ इथेच आहे. पंप पाणी 'ओढत' नाही, पंपातली हवा काढली की बाहेरची हवा तळ्यातलं पाणी पाईपमधून वर ढकलते. इटलीच्या टॉरिचेली या शास्त्रज्ञाने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीत दाखवलं तेच. पूर्ण निर्वात केलं तरी समुद्रसपाटीला पाणी १०.३ मीटरच्या वर चढूच शकत नाही, प्रत्यक्षात ७ - ७.५ मीटर मिळाले तरी खूप, आणि दर ३०० मीटर उंचीला त्यातून जवळजवळ एक इंच पारा कमी होतो. एक इंच पारा म्हणजे सुमारे ३४ सेंटिमीटर पाणी. माझे ७ इंच म्हणजे जेमतेम २.४ मीटर आणि तळ्याचं पाणी पंपाच्या ३ मीटर खाली. मग कुठून येणार. जुन्या अमेरिकन अहरेन्स-फॉक्स बंबांच्या नाकावर तो चकचकीत गोळा असतो ना, तो शोभेचा नाही, पिस्टन पंपाचे झटके मऊ करायला ते हवेचं भांडं आहे, आणि पिस्टन पंप स्वतःच हवा काढू शकतो. आपला सेंट्रिफ्युगल पंप हवेपुढे हतबल आहे. त्याचा इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं पात्यांचं चाक, पाण्याला फेकू शकतो, हवेला नाही. म्हणून त्याला प्रायमर लागतो आणि म्हणूनच सुईच्या टोकाएवढं भोकसुद्धा चालत नाही.

सगळ्यांनी एकमुखानं ग्लँडला दोष दिला. मीसुद्धा. परत त्याच वर्कशॉपला. त्यांनी ग्लँड खोललं, स्लीव्हवर चर पडले होते, ती बदलली, नवं पॅकिंग (त्या दोरीच्या रिंगा) भरलं आणि परत पैसे घेतले, म्हणजे त्यांनीच आवळून जाळलेल्या ग्लँडचे पैसे मी दोनदा भरले. जुनी स्लीव्ह मागितली तर म्हणे भंगारात गेली. टेस्ट केली का विचारलं तर, "केली मॅडम, काटा नीट धरतोय." घरी आणून मी स्वतः टेस्ट केली तर काटा भराभर खाली. फोन केला तर तुमचं गेज खराब असेल. पुन्हा फोन केला तर उचललाच नाही. मी पै पै जपून वापरणारी आहे, या गाडीसाठी दोन वर्षं बाकी खर्च बाजूला ठेवलेत, त्यामुळे मला हे फार लागलं आणि अजूनही लागतंय.

मग ओळखीतले एक काका आले, अग्निशमन दलातून रिटायर झालेले, पंप ऑपरेटर होते. त्यांनी गाडीला चक्कर मारली नाही, रंग बघितला नाही, सरळ मागे गेले आणि डिलिव्हरीच्या (पाणी बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "अगं, सक्शनला टोपण लाव, २२ इंच काढ, आणि इंजिन बंद कर. इंजिन चालू ठेवून काय ऐकू येणार तुला?"

हीच खरी व्हॅक्यूम टेस्ट. २२ इंच काढायचे, प्रायमर बंद करायचा, आणि पाच मिनिटांत काटा १० इंचांपेक्षा जास्त पडता कामा नये, एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या स्टँडर्डमध्ये हेच आकडे आहेत. माझा काटा मुळात २२ ला पोचेना, १५ ला कसाबसा गेला आणि चाळीस सेकंदांत शून्य. काकांनी शेव्हिंग फोम मागवला. मला वाटलं होतं साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे, पण ते आतून दाब असेल तेव्हा, इथे हवा आत जातेय. फोमचा बारीक गोळा प्रत्येक जॉइंटवर ठेवायचा आणि नुसतं बघायचं. ग्लँडवरचा गोळा जसाच्या तसा. ड्रेन कॉकवरचा जसाच्या तसा. गेजच्या तांब्याच्या नळीच्या युनियनवर (नळी जोडणाऱ्या नटावर) ठेवला आणि तो गोळा मधोमध खचला, खळगा पडला, आणि सगळा फेस नटाच्या कडेनं आत गेला. एवढीशी नळी, पेन्सिलीइतकी, नटाला बारीक चीर. नट बदलला, काटा २२ वर गेला! पण टिकला नाही, दीड मिनिटात निम्म्यावर.

याच वेळी ग्लँड पुन्हा खोलून बघितलं, कारण माझा विश्वास उडाला होता, आणि बघते तर लँटर्न रिंग चुकीच्या जागी. ती जाळीदार रिंग पाण्याच्या भोकासमोर यायला हवी म्हणजे पंपाचंच पाणी पॅकिंगला मिळतं आणि हवा अडते. त्यांनी मागे एक पॅकिंग जास्त भरलं, म्हणून रिंग पुढे सरकलेली आणि भोक बंद. तुम्ही कोणाकडूनही ग्लँड भरून घेतलंत तर समोर उभं राहून रिंगा मोजा, खोलताना किती निघाल्या आणि भरताना किती गेल्या.

तरीही काटा पडतच होता. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात तसं माझं आठ आठवडे चाललं होतं. मग एका संध्याकाळी टाकी भरलेली होती आणि सहज टेस्ट केली तर काटा बऱ्यापैकी टिकला. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी, काटा धाडकन खाली. परत भरली, टिकला. तिसऱ्यांदा पंप आधी पूर्ण कोरडा केला, भरलेल्या टाकीवर टेस्ट केली आणि मग खालचा ड्रेन कॉक उघडला. कोरड्या पंपातून तांब्याभर पाणी निघालं. ते येणार कुठून? टाकीतून. टाकी आणि पंप यांच्यामधला व्हॉल्व्ह बंद असूनही गळत होता, रबराची सीट दगडासारखी कडक झालेली. टाकी भरलेली असली की त्या फटीतून पाणी येतं, ते सावकाश येतं म्हणून काटा टिकल्यासारखा दिसतो, टाकी रिकामी असली की तिथूनच हवा येते आणि हवा फार वेगानं येते. वर्कशॉपने टेस्ट केली तेव्हा टाकी भरलेली होती, मीच भरून नेली होती. तळ्याकाठी मी आधी टाकी उडवून रिकामी केली होती. खऱ्या आगीतसुद्धा हाच क्रम असतो, आधी टाकी संपते, मग सक्शन लावतात, म्हणजे हा व्हॉल्व्ह नेमका गरजेच्या वेळी दगा देणारा. त्याची सीट मी रबर शीटमधून स्वतः कापून बसवली. एका दुपारचं काम.

बाकी गोष्टी थोडक्यात. गाडी चालवताना टाकी एकतर पूर्ण भरा नाहीतर पूर्ण रिकामी ठेवा, अर्धी टाकी सगळ्यात वाईट, ब्रेक मारला की पाणी पुढे येऊन धक्का देतं आणि भरलेली टाकी म्हणजे १.८ टन वजन. ब्रेक ऑइल पाणी शोषतं, गाडी कमी चालली तरी दोन वर्षांनी बदला, माझे दोन व्हील सिलिंडर उभ्या उभ्या गंजले होते. इथेनॉलवाल्या पेट्रोलने इंजिनच्या फ्युएल पंपाचा जुना डायफ्राम फुगला, नवीन मटेरियलचा टाकला. जुन्या रंगात शिसं आणि जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा कोरडं घासू नका आणि ब्रेक ड्रमला हवा मारू नका, ओलं करूनच पुसा. रंग मी अजून पूर्ण केलेला नाही. दारावर ओल्या पेपरने घासताना लाल थराखाली सोनेरी अक्षराचा एक कोपरा दिसला, तेवढा भाग तसाच ठेवलाय, त्यावर नवा रंग मारणार नाही.

गेल्या रविवारी परत त्याच तळ्यावर गेले. या वेळी फक्त काका आणि मी. टाकी मुद्दाम रिकामी. प्रायमर मारला, काटा १०, १२, आणि पंचवीस सेकंदांच्या आत सक्शन पाईप, जो तोवर हलका हलका लोंबत होता, एकदम जड होऊन जमिनीवर टेकला. मी त्यावर पाय ठेवून उभी होते, पायाखालून पाणी वर गेलेलं कळलं. काटा व्हॅक्यूमवरून उसळून प्रेशरकडे गेला आणि काका ओरडले, "आता सावकाश उघड, चाक एकदम फिरवू नकोस!" वीस मिनिटं धार चालू ठेवली. ग्लँड टिपकत होतं.

काल रिकाम्या टाकीवर टेस्ट केली, २२ वरून पाच मिनिटांनी १९. ते तीन इंच कुठून जातात ते अजून सापडलं नाहीये, सक्शनच्या टोपणातल्या वायसरवर संशय आहे. फोमचा नवा डबा आणलाय, या शनिवारी बसते.